मॉलचे दार उघडे होते, नव्या वसाहतीचे दार कुणासाठी?

कुर्ल्याहून मुलुंडच्या दिशेने लालबहादूर शास्त्री मार्गाने बसने निघालेल्या माणसाला मुंबईचा गेल्या पन्नास वर्षांचा आर्थिक इतिहास खिडकीतूनच वाचता येतो. जिथे कारखान्यांचे भोंगे वाजत होते, तिथे आधी पत्र्याची कुंपणे आली. कुंपणामागून काचेचे मॉल उभे राहिले. आता त्यातल्या काही मॉलच्या काचांवर धूळ साचली आहे, सरकते जिने बंद पडले आहेत आणि दारावर टाळे आहे. लवकरच तिथे नवा फलक लागणार. 'राहा, काम करा, खरेदी करा, सारे एकाच ठिकाणी' असा काहीसा मजकूर त्यावर असेल. बंद पडलेला मॉल पाडून त्या जागी टॉवर, कार्यालये, दुकाने आणि बगिचा असलेली मिश्र वापराची वसाहत उभारायची, हा बांधकाम धंद्याचा नवा मंत्र आहे.

हा केवळ बिल्डरांचा आणि बँकांचा विषय आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे चळवळीतील बऱ्याच कार्यकर्त्यांना वाटते. हा समज घातक आहे. जमिनीचा वापर बदलतो तेव्हा त्या जमिनीवर कुणाला पाय ठेवता येईल याचा नियमही बदलतो. हा नियम बदलत असताना आपण गप्प बसलो, तर पुढची पन्नास वर्षे आपल्या वाट्याला त्या वसाहतीचे मागचे दारच येणार आहे.

हा प्रश्न एखाददुसऱ्या मॉलचा नाही. नाइट फ्रँक या मालमत्ता क्षेत्रातील सल्लागार संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार देशातील आठ मोठ्या शहरांत ६४ मॉल 'भुताटकीचे' झाले आहेत. ज्या मॉलमधील ४० टक्क्यांहून अधिक जागा रिकामी आहे त्याला त्यांनी हे नाव दिले आहे. ही रिकामी मालमत्ता सुमारे १ कोटी ३३ लाख चौरस फुटांची असून त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. ज्या महानगरात माणसाला पाय पसरायला जागा नाही, तिथे लाखो चौरस फूट बांधकाम कुलपात पडून आहे. याला नियोजन म्हणायचे की नियोजनाचे दिवाळे?

जमिनीचा जुना हिशेब

मॉलच्या जमिनीचा प्रश्न समजून घ्यायचा तर आधी गिरणीच्या जमिनीचा प्रश्न आठवावा लागेल. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपले बाप-आजे राबले. पण गिरणीतसुद्धा सगळी दारे त्यांना उघडी नव्हती. विणकाम खात्यात धोटा भरताना धागा तोंडाने ओढावा लागे. म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या जास्त पगाराच्या खात्यात घेतले जात नसे. १९२९ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न ठणकावून मांडला. कामगारांच्या ऐक्याच्या गप्पा मारणाऱ्या पुढाऱ्यांना त्यांनी विचारले की विणकाम खात्याच्या दारावरचा हा अन्याय तुम्हाला दिसत नाही काय? कारखाना आधुनिक असतो, यंत्र विलायती असते, पण दारात उभी असलेली जात गावाकडचीच असते. हा धडा आपण विसरता कामा नये.

जानेवारी १९८२ मध्ये डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधी मिटलाच नाही. गिरण्या मात्र एकेक करून मिटल्या. उरली ती सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत या जमिनीचे साधारण तीन वाटे सांगितले होते. एक वाटा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी पूर्ण जमिनीची न राहता केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची झाली. एका दुरुस्तीने जनतेचा वाटा मूठभर झाला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली जनतेच्या बाजूने निकाल दिला खरा, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. ज्या जमिनीवर हजारो कामगारांना घरे मिळू शकली असती तिथे मॉल आणि आलिशान टॉवर उभे राहिले. लोअर परळच्या फिनिक्स मिलचे आज काय झाले आहे, हे कुणाला सांगायला नको.

उपनगरांत हेच घडले, फक्त त्याचा गवगवा झाला नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची जागा, कांजूरमार्गची क्रॉम्प्टन ग्रीव्हजची जागा, अशा कितीतरी जमिनी कारखान्याकडून बिल्डरकडे गेल्या. कारखान्यांसाठी निदान एक अट होती. औद्योगिक जमिनीचा वापर बदलायचा तर कामगारांची देणी चुकती झाल्याबद्दल कामगार आयुक्तांचा ना-हरकत दाखला लागत असे. त्या दाखल्यातही पळवाटा काढल्या गेल्या. तरीपण कामगार नावाचा माणूस या जमिनीवर होऊन गेला, त्याचा घाम इथे सांडला, याची कागदावर नोंद तरी होत होती.

आता मॉल बंद पडतो तेव्हा ही नोंदसुद्धा होत नाही.

मॉल का बंद पडले आणि कुणाचे नुकसान झाले?

२००० नंतरच्या दशकात जागतिकीकरणाचे वारे अंगात शिरलेल्या या शहरात मॉल बांधण्याची स्पर्धाच लागली. मालाडला इनऑर्बिट, अंधेरीला इन्फिनिटी, मुलुंडला निर्मल लाइफस्टाइल आणि आर मॉल, घाटकोपरला आर सिटी, भांडुपला ड्रीम्स आणि मॅग्नेट. गिऱ्हाईक किती, त्याच्या खिशात पैसे किती, याचा विचार कुणी केला नाही. बऱ्याच बिल्डरांनी मॉलमधले गाळे एकेकट्या गुंतवणूकदाराला विकून आपले पैसे मोकळे केले. एका मॉलला शेकडो मालक झाले. मग तिसऱ्या मजल्यावरचा गाळा बंद, चौथ्यावरचा भाड्याने, कुणी देखभालीचे पैसे देतो, कुणी देत नाही, अशी अवस्था झाली. ज्या मॉलचा एकच मालक होता आणि कोणते दुकान कुठे ठेवायचे हे ठरवणारा कुणीतरी होता, ते बहुतेक टिकले. बाकीच्यांना आधी कर्जाने, नंतर ऑनलाइन खरेदीने आणि शेवटी कोविडच्या टाळेबंदीने गिळले.

भांडुपचा ड्रीम्स मॉल हे याचे सर्वांत भयंकर उदाहरण आहे. शेकडो गाळेधारकांच्या या मॉलची रया गेली आणि त्याचा कारभार प्रशासकाच्या हाती गेला. त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर रुग्णालय चालू होते. २०२१ च्या मार्च महिन्यात २५ तारखेच्या मध्यरात्री तिथे आग लागली आणि कोविडवर उपचार घेणाऱ्या रुग्णांचा हकनाक बळी गेला. अर्धमेला मॉल हा केवळ डोळ्यांना खुपणारा विषय नसून तो माणसांच्या जिवावर उठतो, हे त्या रात्री सिद्ध झाले. अशा इमारतींचे काहीतरी करायलाच हवे, याबद्दल आमचे दुमत नाही.

पण 'गुंतवणूकदारांचे नुकसान झाले' एवढेच छापून वर्तमानपत्रे मोकळी होतात. मॉल झाडणारी बाई कोण होती? संडास धुणारा कोण होता? दारात बारा-बारा तास उभा राहणारा वॉचमन कुठून येत होता? भांडुपच्या डोंगरावरून, घाटकोपरच्या वस्त्यांतून, विक्रोळीच्या चाळींतून. सफाईच्या कामात आजही आपल्याच समाजांचा भरणा आहे, हे सांगायला कुठल्या अहवालाची गरज नाही. आमच्या ओळखीच्या एक ताई पूर्व उपनगरातल्या एका मॉलमध्ये आठ वर्षे हाउसकीपिंगला होत्या. एके सकाळी कामावर गेल्या तर दाराला साखळी. कंत्राटदार फोन उचलेना. दोन महिन्यांचा पगार बुडाला. भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब विचारायला गेल्या तर उत्तर मिळाले, "तुम्ही मॉलच्या कामगार नव्हताच, तुम्ही कंत्राटदाराच्या." आठ वर्षे ज्या फरशीत तोंड दिसेपर्यंत पोछा मारला, त्या फरशीशी आपले नाते कागदावर कुठेच नाही, हे त्यांना त्या दिवशी कळले.

म्हणून पहिली मागणी ही की कारखान्याच्या जमिनीला जी अट होती ती मॉलच्या जमिनीलाही लावा. सफाई कामगार, सुरक्षा रक्षक, दुकानांतले नोकर यांची देणी चुकती झाल्याशिवाय मॉल पाडायची आणि नवे बांधायची परवानगी देऊ नका. कंत्राटदाराने पगार बुडवला तर मुख्य मालकाने तो द्यावा, हे तत्त्व कामगार कायद्याने केव्हाच मान्य केले आहे. बांधकाम परवानगीच्या अर्जात त्यासाठी एक रकाना वाढवायचा आहे, एवढेच.

दुकानाचे दार आणि घराचे दार

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. १९९९ साली हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स हा मुंबईतला पहिल्या पिढीचा मॉल सुरू झाला. तिथे लोकांची झुंबड उडाली, तेव्हा व्यवस्थापनाने दारावर नियम केला की ज्याच्याकडे मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड असेल त्याला प्रवेश, नाही तर साठ रुपये मोजा. त्या काळात मोबाइल कुणाच्या हातात होता? गरिबाला बाहेर ठेवण्याचे ते आधुनिक कुंपण होते. त्यावर ओरड झाली आणि नियम मागे घ्यावा लागला.

तो मागे का घ्यावा लागला? लोकांचा संताप हे एक कारण. पण त्या संतापाच्या पाठीशी संविधान उभे आहे, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे. संविधानाच्या अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात स्पष्ट म्हटले आहे की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कुणाही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची सार्वजनिक ठिकाणे यांत जायला मज्जाव करता येणार नाही. त्याच खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्तेही आहेत. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्या शब्दांत झिरपले आहे. मॉल म्हणजे दुकाने, उपाहारगृहे आणि चित्रपटगृहे यांची एकत्र मोट. म्हणजे संविधानाने ज्यांची नावे घेऊन दारे उघडली, नेमक्या त्याच गोष्टी एका छपराखाली. मॉलला आम्ही कितीही शिव्या दिल्या तरी एवढे मान्य करावे लागेल की रमाबाई नगरातली पोरे आणि पवई-मुलुंडच्या टॉवरमधली पोरे एकाच सरकत्या जिन्यावर उभी राहिली ती तिथेच. वॉचमनने कपड्यांकडे पाहून नाक मुरडले असेल, पण आडनाव विचारून परत पाठवण्याचा अधिकार त्याला नव्हता.

आता हाच मॉल पाडून तिथे वसाहत होईल. खाली दोन मजले दुकाने आणि वर चाळीस मजले घरे. कुंपण, कॅमेरे आणि प्रवेशद्वारावर नोंदवही येईल. अनुच्छेद १५(२) च्या यादीत 'दुकान' आहे, पण 'घर' हा शब्द नाही. म्हणजे जमीन तीच, पण संविधानाने जिथे नाव घेऊन दार उघडले होते तिथे असे दार येणार, ज्याची चावी सोसायटीच्या कमिटीकडे असेल. मिश्र वापराच्या वसाहतीतला खरा धोका हा आहे.

हा धोका काल्पनिक नाही. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्यात नोकरीला गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी विश्रामगृहात नाव लपवून राहावे लागले आणि तिथूनही लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. शंभर वर्षांनंतर काठी गेली आणि तिच्या जागी 'आमच्याकडे फक्त शाकाहारी' हा शब्द आला. घाटकोपर-मुलुंडला घर शोधणाऱ्या आपल्या कुठल्याही बँक कर्मचाऱ्याला, शिक्षकाला, अभियंत्याला विचारा. फोनवर सगळे जमते. आडनाव सांगितले की जागा 'कालच गेलेली' असते. २०२३ च्या सप्टेंबरात मुलुंडच्या एका सोसायटीत मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारल्याची चित्रफीत पसरली आणि महाराष्ट्र खवळला. खवळला हे योग्यच झाले. त्या भगिनीच्या बाजूने आम्हीही आहोत. पण बौद्धाला आणि मुसलमानाला हा नकार पिढ्यान्‌पिढ्या मिळत आला आहे. त्याची चित्रफीत कुणी काढली? त्यासाठी कोणता पक्ष रस्त्यावर उतरला?

न्यायालयानेही इथे निराशा केली आहे. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सहकारी संस्थेला सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणारा उपविधी करता येतो, असा निकाल दिला. एका अल्पसंख्य समाजाच्या संस्थेबद्दलचा हा निकाल आज कुणीही ढालीसारखा पुढे करतो.

बाबासाहेबांनी सांगितलेला 'दुकान' शब्दाचा अर्थ

मग आपल्या हाती काहीच नाही का? आहे, आणि ते बाबासाहेबांनीच देऊन ठेवले आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या अनुच्छेदावर चर्चा झाली. दुकान या शब्दात धोब्याचे, न्हाव्याचे दुकान येते का, अशी शंका निघाली. ही शंका क्षुल्लक नव्हती. गावात अस्पृश्याची दाढी कोण करणार आणि कपडे कोण धुणार, हा जिवंत प्रश्न होता. त्यावर बाबासाहेबांनी खुलासा केला की हा शब्द संकुचित नव्हे तर व्यापक अर्थाने वापरला आहे. मोबदला घेऊन लोकांना सेवा देऊ करणारा जो कुणी असेल, तो यात येतो. हा खुलासा कागदावरच राहिला नाही. खाजगी वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बाबासाहेबांच्या याच स्पष्टीकरणाचा आधार घेतला आणि 'दुकान' या शब्दाचा व्यापक अर्थ मान्य केला.

आता विचार करा. मॉलच्या जागी टॉवर बांधणारा बिल्डर रस्त्यावर फलक लावतो, वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देतो, वातानुकूलित विक्री कार्यालय उघडतो आणि 'या, घर घ्या' म्हणून सर्वांना बोलावतो. हे दुकान नाही तर काय आहे? ज्या जागेवर काल कपड्यांचे दुकान होते तिथे आज फ्लॅटचे दुकान आहे. माल बदलला म्हणून दुकानदाराला जात विचारण्याचा अधिकार मिळत नाही. सोसायटी स्थापन व्हायच्या आधी, पहिल्या विक्रीच्या वेळीच, हा मुद्दा लावून धरला पाहिजे. एकदा पाचशे फ्लॅट एकाच जातीच्या-धर्माच्या हाती गेले की मग कुठलाही उपविधी लिहिण्याची गरज उरत नाही.

याला कायद्याचा आणखी आधार आहे. रेरा कायद्याखाली प्रकल्पाची नोंदणी करताना बिल्डरला प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्यात घर देताना कोणत्याही खरेदीदाराबाबत भेदभाव करणार नाही, असे लिहून द्यावे लागते. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम २३ मध्ये सभासदत्व खुले असण्याचे तत्त्व आहे आणि पुरेशा कारणाशिवाय पात्र माणसाला नाकारता येत नाही. ही शस्त्रे म्यानात गंजत पडली आहेत. मॉलच्या जागेवरचा प्रत्येक प्रकल्प ही ती बाहेर काढण्याची संधी आहे.

विकासाला विरोध नाही, वाटणीला आग्रह आहे

आमच्यावर लगेच आरोप होईल की तुम्ही विकासविरोधी आहात. तो खोटा आहे. बंद मॉलच्या जागी माणसे राहायला येणार असतील तर त्याचे स्वागतच आहे. अमेरिकेत हे बऱ्याच ठिकाणी झाले आहे. कोलोरॅडो राज्यातील लेकवूड शहरात व्हिला इटालिया नावाचा १९६६ चा मोठा मॉल २००१ साली बंद पडला. तो पाडून सुमारे १०० एकरांवर बेलमार नावाची वसाहत उभी राहिली. तिथे मॉलभोवतीच्या वाहनतळांच्या जागी रस्त्यांचे चौक पडले, खाली दुकाने आणि वर घरे आली. मॉल या कल्पनेचा जनक समजला जाणारा व्हिक्टर ग्रुएन यालाही मुळात मॉलभोवती घरे, शाळा, दवाखाने असावेत असेच वाटत होते. भांडवलदारांनी त्याची दुकाने घेतली आणि बाकीचे सोडून दिले.

आणि मिश्र वापर ही काही अमेरिकेतून आलेली नवलाई नाही. खाली वाण्याचे दुकान, शिंपी, इस्त्रीवाला, पिठाची गिरणी आणि वर दहा बाय बाराच्या खोल्या, अशा चाळींतच आपण वाढलो. बाबासाहेब स्वतः परळच्या बीआयटी चाळीत दोन दशके राहिले. फरक एवढाच की चाळीतला मिश्र वापर सगळ्यांना परवडत होता. नव्या वसाहतीत तळमजल्यावर कॉफीचे दुकान येईल, पण तिथे पोछा मारणारी बाई दोन तासांचा प्रवास करून बदलापूर-टिटवाळ्याहून येईल. ज्या वसाहतीत झाडणाऱ्याला राहता येत नाही, तिला मिश्र कशासाठी म्हणायचे?

'मॉल खाजगी मालकीचा आहे, त्याने समाजाला का द्यावे?' असाही प्रश्न विचारला जाईल. उत्तर सोपे आहे. मालकाची जमीन त्याची असेल, पण तिच्यावर चाळीस मजले चढवण्याचा अधिकार त्याच्या बापाचा नाही. चटई क्षेत्र सरकार देते. वापर बदलण्याची परवानगी महापालिका देते. त्या जमिनीपर्यंत येणारा रस्ता, पाणी, मेट्रो हे सारे जनतेच्या पैशाने येते. कारखान्याचा मॉल झाला तेव्हा एकदा आणि मॉलची वसाहत होताना दुसऱ्यांदा जमिनीची किंमत वाढते, ती मालकाच्या घामाने नव्हे. तेव्हा त्या वाढीत जनतेचा वाटा मागणे ही भीक नव्हे, हिशेब आहे.

राज्य सरकारने २०१३ साली सर्वसमावेशक गृहनिर्माणाचे धोरण आणले. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर २० टक्के घरे दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवायची, असे त्याचे सूत्र आहे. ठाणे, नवी मुंबई, कल्याण भागांत खाजगी प्रकल्पांतली अशी घरे म्हाडाच्या कोकण मंडळाच्या सोडतीतून लोकांना मिळाली आहेत. मुलुंडचा चेकनाका ओलांडला की जो न्याय चालतो, तोच नाक्याच्या अलीकडे मॉलच्या प्रत्येक जमिनीला, एकही पळवाट न ठेवता, का लागू करू नये? आणि ती घरे त्याच इमारतीत, त्याच दारातून, त्याच लिफ्टने जाणारी हवीत. झोपडपट्टी पुनर्वसनात आपण काय पाहिले? विक्रीचा टॉवर पुढे रस्त्यावर, बगिच्यासह आणि पुनर्वसनाची इमारत मागे नाल्याला चिकटून, मधे भिंत. दार वेगळे, पाण्याची वेळ वेगळी. गावकुसाबाहेरचा महारवाडा सिमेंटमध्ये पुन्हा बांधला गेला. ही चूक मॉलच्या जमिनीवर होऊ देता कामा नये.

घाटकोपरचे माता रमाबाई आंबेडकर नगर डोळ्यांपुढे ठेवा. ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या आपल्या दहा माणसांना तिथे गोळ्या घातल्या गेल्या. त्या वस्तीच्या पुनर्विकासाचे काम आता एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण यांनी हाती घेतले असून २०२५ च्या ऑक्टोबरात त्याचे भूमिपूजन झाले. हजारो कुटुंबांना हक्काचे घर मिळणार असेल तर आनंदच आहे. पण आपण फक्त आपल्या वस्तीच्या पुनर्विकासावर नजर ठेवायची आणि रस्त्यापलीकडच्या मॉलच्या जमिनीचा निर्णय दुसऱ्यांनी घ्यायचा, हे चालणार नाही. आपला हक्क झोपडीच्या जागेपुरता नाही, शहराच्या प्रत्येक जमिनीवर आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

नुसत्या भाषणाने दार उघडत नाही. आपल्या विभागात कोणता मॉल बंद आहे किंवा बंद पडत आला आहे, त्याची यादी शाखेने करावी. त्या भूखंडाचा विकास आराखड्यातील वापर काय, आरक्षण काय, हे प्रभाग कार्यालयातून माहिती अधिकारात मागवावे. आराखड्यात बदल करायचा असेल तर एमआरटीपी कायद्याच्या कलम ३७ खाली जाहीर सूचना निघते आणि हरकती नोंदवायला एक महिना मिळतो. तो महिना झोपेत घालवू नये. वीस हजार चौरस मीटरवरील बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, तिची कागदपत्रे पाहावीत. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंद झाली की बिल्डरचे प्रतिज्ञापत्र काढून ठेवावे. तिथे काम केलेल्या सफाई कामगारांना आणि रक्षकांना एकत्र करून देण्यांचा दावा दाखल करावा. मॉलच्या दाराबाहेर वडापाव, भाजी, कपडे विकणाऱ्या फेरीवाल्यांची नोंद २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखाली करून घ्यावी, नाही तर 'मिश्र वापर' म्हणत त्यांनाच प्रथम हुसकावले जाईल.

आणि ज्यांची ऐपत झाली आहे अशा आपल्या मध्यमवर्गीयांना एक विनंती. आरक्षणाने नोकरी मिळाली, पगार वाढला, बँक कर्ज द्यायला तयार आहे. तरीही आपण 'आपल्या लोकांची सोसायटी' शोधत दूर उपनगराच्या टोकाला जातो, कारण अपमान नको वाटतो. ते समजण्यासारखे आहे. पण एकदा तरी त्या विक्री कार्यालयात आपले आडनाव न लपवता जा, दर विचारा, अर्ज लेखी द्या आणि उत्तरही लेखी मागा. जागा 'कालच गेली' असे उत्तर आले तर तारीख आणि वेळ टिपून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागेची जाहिरात आली तर तीही कापून ठेवा. पुरावा असाच तयार होतो.

मुंबई विधिमंडळाने १९२३ साली बोले ठराव करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले होते. महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला होता. तरीही चवदार तळे कोरडेच राहिले, आपल्यापुरते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यापर्यंत चालत गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. इंदू मिलचेही तेच. ६ डिसेंबर २०११ रोजी कार्यकर्ते बंद गिरणीच्या आत शिरले, तेव्हा कुठे सरकारला स्मारकासाठी जमीन देण्याची आठवण झाली. बंद गिरणीच्या जमिनीवर आपला हक्क सांगता येतो हे आपण सिद्ध केले आहे. बंद मॉलच्या जमिनीवर तो सांगायची वेळ आता आली आहे.

आज ना उद्या त्या काचा फुटतील, बुलडोझर येईल, नवी वसाहत उभी राहील. तिच्या प्रवेशद्वारावर नोंदवही असेल. तिच्यात आपले नाव फक्त 'कामासाठी' या रकान्यात लिहिले जाणार की 'राहणार' या रकान्यात, हे आज ठरणार आहे.

जयभीम.